सूक्ष्मप्रवाही उपकरणांची देखभाल

केसाच्या जाडीच्या आसपास रुंदी असलेल्या मार्गिकांतून अत्यल्प द्रव वाहून नेणाऱ्या प्रयोगशालेय उपकरणांना सूक्ष्मप्रवाही उपकरणे म्हणतात. 'मायक्रोफ्लुइडिक' या इंग्रजी नावानेही ती ओळखली जातात. या उपकरणांची नियमित स्वच्छता व तपासणी, झिजलेल्या भागांची बदली आणि बदलीनंतरचे अंशांकन, म्हणजे मापनाची ज्ञात प्रमाणाशी पडताळणी, या सर्वांचा देखभालीत समावेश होतो. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, औषधनिर्माण व रोगनिदान या क्षेत्रांत ही उपकरणे वापरली जातात.

मोठ्या यंत्रात एखादी नळी किंवा सील बदलल्यास यंत्र पूर्ववत चालू होते आणि काम संपते. सूक्ष्मप्रवाही उपकरणात तसे होत नाही. येथे नळीची लांबी, तिचा आतील व्यास आणि जोडणीतील पोकळी यांवरच प्रवाहाचे मान ठरते. त्यामुळे भाग बदलणे हे मापनसाधनच बदलण्यासारखे असते आणि देखभाल हा प्रयोगाचाच एक भाग मानावा लागतो.

पार्श्वभूमी

सूक्ष्म मार्गिकांचे तंत्र अर्धवाहक उद्योगातील सिलिकॉन चकत्यांवरील कोरीवकामातून पुढे आले. १९७९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एस. सी. टेरी, जे. एच. जर्मन व जे. बी. एंजेल यांनी सिलिकॉन चकतीवर बनविलेल्या वायुवर्णलेखन उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९० मध्ये आंद्रेआस मान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका लहान संचात सामावण्याची कल्पना मांडली. १९९८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्‌स यांच्या गटाने पॉलिडायमिथिलसिलोक्झेन (पीडीएमएस) या पारदर्शक सिलिकॉन रबरापासून मार्गिका जलद बनविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील स्टीफन क्वेक यांच्या गटाने याच रबराच्या थरांत पडद्याच्या झडपा व पंप बसवून दाखविले.

पीडीएमएसमुळे मार्गिका असलेला तुकडा, म्हणजे चिप, साध्या प्रयोगशाळेतही बनविता येऊ लागली. चिप स्वस्त झाली व पुष्कळदा एका वापरानंतर टाकून देण्याची वस्तू ठरली. तिला द्रव पुरविणारे पंप, नळ्या, जोडण्या, झडपा व संवेदक मात्र वर्षानुवर्षे वापरात राहतात. देखभालीचा मुख्य भार या चिपबाहेरील भागांवर असतो.

भौतिक कारणे

प्रवाहाचा रोध : जर्मन अभियंता गोटहिल्फ हागेन आणि फ्रेंच वैद्य झां पॉइस्युल यांनी १८४० च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधलेल्या नियमानुसार, अरुंद गोल नळीतील स्तरीय प्रवाहाला होणारा रोध नळीच्या लांबीच्या व द्रवाच्या श्यानतेच्या (दाटपणाच्या) सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर रोध १६ पट होतो. रुंद पण उथळ मार्गिकेत रोध खोलीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५० मायक्रोमीटर खोल मार्गिकेच्या तळावर ५ मायक्रोमीटर जाडीचा थर साचला, तर रोध सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. एवढा थर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

स्तरीय प्रवाह : सूक्ष्म मार्गिकांत द्रव खळाळत नाही. त्याचे थर एकमेकांशेजारून सरकतात आणि भिंतीला टेकलेल्या थराचा वेग शून्य असतो. म्हणून भिंतीवर चिकटलेले प्रथिन किंवा कोपऱ्यात अडकलेले द्रव्य केवळ जोरदार प्रवाहाने निघत नाही. ते सुटण्यासाठी योग्य प्रक्षालक आणि पुरेसा वेळ द्यावा लागतो.

बुडबुडे : लहान बुडबुड्याच्या आतील दाब पृष्ठताणामुळे बाहेरील दाबापेक्षा अधिक असतो. पाण्यातील ५० मायक्रोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात हा जादा दाब सुमारे २.९ किलोपास्कल असतो. बुडबुडा अरुंद तोंडाशी अडकला की द्रवाची वाट बंद होते. शिवाय हवा दाबाखाली आकुंचन पावते व दाब कमी झाल्यावर प्रसरण पावते. त्यामुळे पंप थांबविल्यानंतरही काही काळ द्रव वाहत राहतो आणि पंप सुरू केल्यावर प्रवाह स्थिरावण्यास विलंब लागतो.

या कारणांचा परिणाम निष्कर्षांपर्यंत पोहोचतो. उदाहरणार्थ, रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी प्रवाहात वाढविताना त्यांच्यावर पडणारा कर्तन ताण (पृष्ठभागाला समांतर घासणारा जोर) प्रवाहाच्या सम प्रमाणात असतो. एखाद्या जोडणीतून एक पंचमांश द्रव गळून गेला, तर पेशींवरील ताणही एक पंचमांशाने घटतो. पंपाच्या पडद्यावर मात्र ठरवलेलाच आकडा दिसत राहतो. अशा वेळी बदललेला प्रतिसाद पेशींचा गुणधर्म समजला जाण्याचा धोका असतो.

भागांची झीज, निगा व बदली

सिरिंज पंप : या पंपात मोटर मळसूत्री दांडा फिरविते व त्याने सिरिंजचा दट्ट्या पुढे सरकतो. १४.५ मिलिमीटर आतील व्यासाच्या सिरिंजमधून मिनिटाला १ मायक्रोलिटर द्रव देताना दट्ट्या मिनिटाला केवळ ६ मायक्रोमीटर सरकतो. इतक्या मंद गतीत दांड्यावरील धूळ, सुकलेले वंगण किंवा आट्यांमधील ढिलाई यांमुळे प्रवाहात लहान धक्के जाणवतात. यासाठी दांडा पुसून ठरावीक काळाने उत्पादकाने सांगितलेले वंगण लावावे. मंद प्रवाहासाठी लहान व्यासाची सिरिंज निवडल्यासही धक्के कमी होतात. काचेच्या सिरिंजच्या दट्ट्याचे टोक झिजले, त्यावर ओरखडे दिसले किंवा दट्ट्यामागे द्रव झिरपू लागला, तर टोक अथवा पूर्ण दट्ट्या बदलावा. दुसऱ्या प्रकारची सिरिंज लावताना तिचा आतील व्यास पंपात नव्याने नोंदविणे आवश्यक असते. पंप व्यासावरून प्रवाहाचा हिशेब करतो. व्यासात १० टक्क्यांची चूक झाल्यास प्रवाहात सुमारे २० टक्क्यांची चूक होते.

दाबनियंत्रक : या उपकरणात द्रवाच्या बाटलीवर वायूचा नियंत्रित दाब देऊन प्रवाह निर्माण केला जातो. त्याला कोरडा, तेलविरहित व गाळलेला वायू लागतो. कॉम्प्रेसरमधून येणारी बाष्पाची किंवा तेलाची बारीक फवार आतील झडपा व संवेदक खराब करते. बाटलीतील द्रव उलट दिशेने नियंत्रकात शिरणे हा त्याहून गंभीर दोष होय. तो टाळण्यासाठी नियंत्रक व बाटली यांच्यामध्ये जलरोधी गाळणी बसवितात आणि बाटली काठोकाठ भरत नाहीत. ही गाळणी ओली झाल्यास ती बदलावी.

पेरिस्टाल्टिक पंप : यात फिरते रूळ मऊ नळी दाबत द्रव पुढे ढकलतात. नळी सतत दाबली गेल्याने ती चपटी होते आणि प्रत्येक फेरीत जाणारा द्रव हळूहळू कमी होतो. झिजलेल्या नळीचे सूक्ष्म कणही द्रवात मिसळतात. म्हणून नळी फुटण्याची वाट न पाहता पंप चाललेल्या तासांच्या हिशेबाने ती बदलावी. पंप बंद असताना नळीवरील रुळांचा दाब काढून ठेवल्यास ती अधिक टिकते.

नळ्या : टेफ्लॉन कुळातील पीटीएफई व एफईपी, तसेच पॉलिइथरइथरकीटोन (पीक) यांच्या नळ्या सामान्यपणे वापरात असतात. बहुतेक नळ्यांचा बाह्य व्यास एक इंचाचा सोळावा भाग, म्हणजे १.५९ मिलिमीटर असतो. आतील व्यास मात्र वेगवेगळे असतात आणि बाहेरून ते ओळखू येत नाहीत. यासाठी पीक नळ्यांवर रंगांची खूण वापरतात. लाल रंग ०.१३ मिलिमीटर, पिवळा ०.१८, निळा ०.२५ आणि नारिंगी ०.५ मिलिमीटर आतील व्यास दर्शवितो. लाल खुणेच्या नळीऐवजी तेवढ्याच लांबीची निळ्या खुणेची नळी लावली, तर आतील व्यास जवळजवळ दुप्पट होऊन तिचा रोध सुमारे सोळाव्या हिश्शावर येतो.

नळीच्या लांबीने विलंबही ठरतो. ०.२५ मिलिमीटर आतील व्यासाच्या १ मीटर नळीत सुमारे ४९ मायक्रोलिटर द्रव मावतो. मिनिटाला १ मायक्रोलिटर प्रवाह असेल, तर एका टोकाचे द्रव्य दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून नवी नळी जुन्या नळीच्या लांबीची व व्यासाची घ्यावी. नळी कात्रीने कापल्यास तोंड चेपते. त्यासाठी धारदार पात्याचे नळीकर्तक वापरून नळीच्या अक्षाला काटकोनात छेद घ्यावा आणि तोंड भिंगाखाली पाहावे.

जोडण्या : नळी उपकरणाला जोडण्यासाठी आटे असलेला नट आणि नळीभोवती आवळले जाणारे फेरुल नावाचे लहान कडे वापरतात. सपाट तळाच्या छिद्रासाठी १/४-२८, शंक्वाकार छिद्रासाठी १०-३२ आणि मेट्रिक पद्धतीचे एम६ हे आटे अधिक आढळतात. १/४-२८ चा बाह्य व्यास ६.३५ मिलिमीटर, तर एम६ चा ६ मिलिमीटर असतो. दोन्ही दिसायला सारखे, पण आट्यांमधील अंतर भिन्न असल्याने ते एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीने फिरविल्यास छिद्रातील आटे कायमचे जातात. छिद्र सपाट आहे की शंक्वाकार हे पाहूनच फेरुल निवडावे.

नळीचे टोक छिद्राच्या तळाला टेकलेले नसेल, तर तेथे 'मृत आयतन' म्हणून ओळखली जाणारी पोकळी राहते. तिच्यात आधीच्या नमुन्याचा अंश साचतो, बुडबुडे अडकतात आणि पुढील नमुना दूषित होतो. प्लॅस्टिकच्या जोडण्या हातानेच आवळाव्यात. पान्याने अधिक आवळल्यास फेरुल चेपून नळीचे छिद्र अरुंद होते व गळती थांबविण्याच्या प्रयत्नात अडथळा निर्माण होतो. एकदा चेपलेले फेरुल दुसऱ्या नळीवर पुन्हा वापरू नये.

गाळण्या व झडपा : मार्गिकेत शिरण्यापूर्वी द्रावणे ०.२ किंवा ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. पेशी किंवा मणी असलेले द्रव असे गाळता येत नाहीत. त्यांच्यासाठी मार्गिकेच्या रुंदीपेक्षा लहान, पण पेशीपेक्षा मोठ्या छिद्रांची गाळणी घेतात. गाळणी हा मुद्दाम चोंदण्यासाठी ठेवलेला भाग असल्याने ती वेळेवर बदलणे ही सर्वांत स्वस्त देखभाल ठरते. फिरत्या झडपांत दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. त्यांच्यामध्ये क्षारांचे स्फटिक तयार झाल्यास ओरखडे पडतात व दोन मार्गांमधील द्रव एकमेकांत मिसळतो. अशा वेळी फिरणारा सील बदलतात.

प्रवाहसंवेदक : औष्णिक प्रवाहसंवेदकात बारीक केशनलिकेतील द्रवाला किंचित उष्णता देऊन ती प्रवाहाबरोबर किती सरकते हे मोजले जाते. म्हणून पाण्यासाठी अंशांकित केलेला संवेदक अल्कोहोल किंवा तेल यांसाठी तसाच वापरल्यास चुकीचे मान देतो. नलिकेच्या भिंतीवर प्रथिनांचा थर बसल्यासही मान बदलते. संवेदकात क्षारयुक्त द्रावण सुकू देऊ नये.

चिप : पीडीएमएसची चिप हेक्झेन, टोल्यूइन, क्लोरोफॉर्म यांसारख्या द्रावकांत फुगते आणि तिच्या मार्गिका अरुंद होतात. हे रबर वायूंना आरपार जाऊ देते. त्यामुळे पडद्याच्या झडपांच्या नियंत्रक मार्गिका हवेऐवजी पाण्याने भरून ठेवतात. प्लाझ्मा प्रक्रियेने जलस्नेही केलेला पीडीएमएसचा पृष्ठभाग हवेत ठेवल्यास हळूहळू पुन्हा जलविरोधी होतो, म्हणून साठवून ठेवलेली चिप ताज्या चिपसारखीच वागेल असे गृहीत धरता येत नाही. काचेची चिप बहुतेक द्रावकांना तोंड देते व पुनःपुन्हा वापरता येते. ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेट यांच्या चिप ॲसिटोनने खराब होतात. ॲक्रिलिकला अल्कोहोलनेही बारीक तडे जाऊ शकतात.

स्वच्छतेचा क्रम

स्वच्छतेत द्रव्यांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. फॉस्फेटयुक्त बफर द्रावणानंतर लगेच अल्कोहोल सोडल्यास क्षारांचा साका तयार होतो. प्रथिने असलेल्या मार्गिकेत अल्कोहोल आधी गेल्यास ती साकळून भिंतीला घट्ट बसतात. जलीय नमुन्यांसाठी पुढील क्रम वापरतात.

१. गाळलेल्या शुद्ध पाण्याने नमुना व क्षार बाहेर काढणे.
२. सौम्य प्रक्षालक, प्रथिनांसाठी विकरयुक्त प्रक्षालक, सोडून प्रवाह थांबविणे व तो काही काळ मुरू देणे.
३. पुन्हा भरपूर पाणी सोडणे.
४. सर्व भागांना चालत असल्यास ७० टक्के अल्कोहोल सोडणे.
५. शेवटी पाणी सोडून मार्ग भरलेला ठेवणे, किंवा गाळलेल्या कोरड्या हवेने तो पूर्ण कोरडा करून तोंडे बंद करणे.

तेलातील थेंब वापरणाऱ्या प्रयोगांनंतर ते तेल ज्या द्रावकात विरघळते त्या द्रावकाने आधी मार्ग धुवावा लागतो. फ्लुओरिनयुक्त तेले पाण्यात मिसळत नाहीत, त्यामुळे केवळ पाण्याने ती निघत नाहीत. प्रत्येक द्रावक वापरण्यापूर्वी प्रवाहाच्या मार्गातील सर्व पदार्थांना तो चालतो का, हे पाहावे. पीक पदार्थ बहुतेक द्रावकांत टिकतो. संहत सल्फ्युरिक व नायट्रिक आम्ले मात्र त्याला खराब करतात आणि डायक्लोरोमिथेनसारख्या काही द्रावकांत तो फुगतो.

दोष शोधण्याची रीत

एकच दोष पंपाच्या प्रकारानुसार भिन्न रूपात दिसतो. सिरिंज पंप ठरलेला प्रवाह देण्याचा प्रयत्न करतो. मार्ग चोंदला, तर दाब वाढत जातो आणि अखेर जोडणी गळते, चिप सुटते किंवा मोटर अडते. दाबनियंत्रक ठरलेला दाब देतो. मार्ग चोंदला, तर दाबाचा आकडा योग्यच राहतो व प्रवाह नकळत घटतो. त्यामुळे दाबावर चालणाऱ्या संचात प्रवाहसंवेदक नसल्यास दोष दीर्घकाळ लपून राहू शकतो.

अडथळ्याची जागा शोधण्यासाठी अत्यल्प प्रवाह चालू ठेवून बाहेर पडण्याच्या टोकाकडून एकेक भाग सोडवीत जातात. ज्या भागाला वेगळे केल्यावर दाब एकदम उतरतो, त्याच भागात अडथळा असतो. गळती शोधण्यासाठी शेवटचे टोक बंद करून सौम्य दाब देतात. संच स्थिरावल्यावर प्रवाह शून्य दिसला पाहिजे. तो शून्य नसेल, तर प्रत्येक जोडणीभोवती टिपकागद धरून ओल तपासतात. प्रवाहात ठरावीक अंतराने चढउतार दिसल्यास पंपाच्या यंत्रणेकडे, तर अनियमित चढउतार दिसल्यास प्रथम बुडबुड्यांकडे लक्ष द्यावे. एका वेळी एकच भाग बदलावा. अनेक भाग एकदम बदलल्यास दोष गेला तरी त्याचे कारण कळत नाही.

बदलीनंतरची पडताळणी

प्रवाह पडताळण्याची सोपी व विश्वासार्ह पद्धत वजनाची आहे. ठरावीक वेळेत बाहेर पडलेले पाणी झाकणाच्या भांड्यात जमवून विश्लेषक तराजूवर तोलतात. पंप मिनिटाला १० मायक्रोलिटर देत असेल, तर एका तासात ६०० मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम पाणी जमले पाहिजे. मंद प्रवाहात बाष्पीभवनामुळे वजन कमी भरते. म्हणून भांड्याचे तोंड अरुंद ठेवतात किंवा नळीचे टोक पाण्यात बुडवून वर तेलाचा पातळ थर देतात. हे मापन किमान तीन वेगवेगळ्या प्रवाहांवर करून भाग बदलण्यापूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहावे.

त्यानंतर ठरावीक प्रवाहाला लागणारा दाब नोंदवितात. संच निर्दोष असतानाचा हा आकडा पुढे तुलनेसाठी आधार होतो. तो दिवसेंदिवस वाढत गेल्यास मार्ग चोंदत असल्याचे आणि घटत गेल्यास गळती किंवा झीज होत असल्याचे सूचित होते.

सुरक्षितता

जोडणी सोडविण्यापूर्वी संचातील दाब शून्यावर आणावा. दाबाखालील नळी सुटल्यास द्रव डोळ्यांत उडू शकतो, म्हणून संरक्षक चष्मा वापरावा. निर्जंतुकीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरल्यास ते आम्लात मिसळू देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ग्वानिडिन क्षार असलेल्या द्रावणांशीही ते मिसळू नये. हायपोक्लोराइट पोलादी भागांना गंजविते. त्यानंतर मार्ग पाण्याने नीट धुणे आवश्यक असते. रक्त किंवा जंतू यांच्या संपर्कात आलेले भाग निर्जंतुक केल्याशिवाय दुरुस्तीस देऊ नयेत.

विजेचे काम करताना मुख्य जोडणी काढून ठेवावी. भारतात वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असतो. परदेशातून आणलेला पंप किंवा त्याचा फ्यूज याच दाबासाठी आहे याची खात्री करावी. जळालेल्या फ्यूजच्या जागी मागील पट्टीवर लिहिलेल्या मानाचाच फ्यूज बसवावा.

नोंदी व सुटे भाग

प्रत्येक संचासाठी नोंदवही ठेवण्याची पद्धत आहे. तीत बदललेला भाग, त्याचा पदार्थ, लांबी व आतील व्यास, बदलाची तारीख, बदलापूर्वीचे व नंतरचे प्रवाह आणि दाब, तसेच काम करणाऱ्याचे नाव लिहितात. प्रयोगाच्या निष्कर्षात अनपेक्षित फरक दिसल्यास तो नमुन्यातील आहे की उपकरणातील, हे ठरविण्यास ही नोंद उपयोगी पडते. शोधनिबंध लिहितानाही नळीची मापे व अंशांकनाची तारीख यातून मिळतात.

फेरुल, नट, ओ-रिंग, गाळण्या, पंपाच्या मऊ नळ्या आणि सिरिंजची टोके हे भाग वारंवार लागतात व स्वस्त असतात. त्यांचा साठा प्रकारानुसार वेगळ्या डब्यांत, आट्यांचा प्रकार व आतील व्यास लिहून ठेवतात. भिन्न आट्यांचे भाग एकाच डब्यात मिसळू देत नाहीत. काढलेला झिजलेला भाग पुन्हा साठ्यात न ठेवता, तपासून झाल्यावर नष्ट करतात.

हेही पाहा : पृष्ठताण, श्यानता, रेनल्ड्‌झ अंक, पिपेट, अंशांकन